साधेपणाच्या अटी : वर्ध्याची बैठक, कागद, चित्र आणि अक्षर

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला प्रवासी जामच्या चौरस्त्यावर थांबतो तो बहुधा चहापुरता. येथून महामार्ग हिंगणघाटकडे पुढे जातो आणि एक फाटा वरोऱ्यामार्गे चंद्रपूरकडे वळतो. पश्चिमेच्या अंगाला तासाभराच्या वाटेवर सेवाग्राम आणि वर्धा आहेत. आपल्याकडील ग्राफिक डिझाइन, पुस्तकांची सजावट, चित्रे आणि लाकूडसामान यांचा इतिहास लिहिणारे मात्र या वाटेला सहसा लागत नाहीत. त्यांचा रस्ता मुंबईच्या जे. जे. कलाशाळेपासून निघतो आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेपाशी पोहोचतो. आम्ही मूळचे साहित्याचे वाचक. पुस्तकातील मजकूर वाचता वाचता त्याचा कागद, त्यातील अक्षर आणि ते ठेवण्याचे मेज यांच्याकडे आमचे लक्ष गेले, आणि अलीकडच्या काळात या विषयात जे जे हाती लागले त्यातील बरेचसे जामपासून फार दूर नसलेल्या या टापूतच सापडले. त्या सापडलेल्या गोष्टींची ही संगती आहे.

गांधीजींच्या भोवतालच्या वस्तूंविषयी बोलू लागले की 'साधेपणा' हा शब्द फार लवकर येतो, आणि तो आला की पुढचा विचार खुंटतो. साधेपणा हा जणू त्या माणसांचा स्वभाव होता आणि तो त्यांच्या वस्तूंत आपोआप उतरला, असे आपण गृहीत धरतो. आमच्या वाचनातून जे दिसले ते याहून वेगळे आहे. वर्ध्याच्या परिसरात १९३४ ते १९४८ या काळात घडलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू आधी अटींच्या रूपात अस्तित्वात आली. ती कोण करणार, कशापासून करणार, किती खर्चात, आणि ती मोडली तर कोण दुरुस्त करणार, हे आधी ठरले. आकार नंतर आला. म्हणून या वस्तूंचा इतिहास हा त्यांच्या अटींचा इतिहास आहे. त्या अटींचे पुढे काय झाले, हा आमच्या लेखाचा प्रश्न आहे.

अटींची ही रीत वर्ध्याच्या आधीपासूनची आहे. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या जाहिरातीतील अटी आज डिझाइनच्या कोणत्याही वर्गात पाठ म्हणून शिकवाव्यात अशा आहेत. यंत्र हलके असावे, हाताने किंवा पायाने चालावे, खेड्यातील घरात ठेवता यावे. एका स्त्रीला फारसे श्रम न पडता त्यावर सलग आठ तास काम करता यावे. तेवढ्या वेळात बारा ते वीस नंबरचे सोळा हजार वार सूत निघावे. किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. योग्य निगा राखल्यास ते २० वर्षे टिकावे आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होऊ नये. ते दिसावे कसे, याविषयी एक शब्दही नाही. आणि तरीही या अटी एकत्र वाचल्या की डोळ्यांपुढे एक घर उभे राहते, त्यातील एक बाई, तिचे थकणारे हात आणि तिच्या खर्चाची वही. हे बक्षीस अखेरपर्यंत कोणालाही मिळाले नाही. परंतु पुढे येरवड्याच्या तुरुंगात जो पेटीचरखा आकाराला आला त्यामागे याच विचाराची दिशा दिसते. मोठ्या चाकाने धाकट्या चाकाला वेग द्यायचा, आणि काम संपले की सगळे यंत्र एका चपट्या पेटीत मिटवून काखेत घ्यायचे. हा चरखा पुस्तकासारखा उघडतो आणि पुस्तकासारखाच मिटतो, याचे आम्हांला कौतुक वाटते. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारसाठी १९५८ साली जो अहवाल लिहिला त्यातील लोट्यावरचे चिंतन आपल्याकडे पुष्कळ उद्धृत होते. लोट्याचा आकार पाहताना कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागेल, अशी यादीच त्यांनी दिली आहे. चरख्याच्या जाहिरातीत तशी यादी जवळजवळ तीस वर्षे आधी छापली गेली होती, एवढे आम्ही नोंदवतो.

आता बैठक. जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये शिकलेले हिशेबतपासनीस, पुढे अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेले. १९२९ च्या मे महिन्यात ते साबरमतीला गांधीजींना प्रथम भेटले तेव्हा त्यांच्या अंगावर पाश्चात्त्य पद्धतीचा सूट होता आणि गांधीजी झाडाखाली, सारवलेल्या जमिनीवर सूत कातत बसले होते. कुमारप्पा त्याच कपड्यांत कसेबसे खाली बसले. पाहुण्याची अडचण ओळखून कोणीतरी आतून खुर्ची आणली. एकदा बसलोच आहे तर आता खुर्ची नको, असे त्यांनी सांगितले. ही गोष्ट विनम्रतेचा दाखला म्हणून सांगितली जाते. आम्हांला तीत खुर्चीचा इतिहास दिसतो. खुर्ची ही केवळ बसण्याची सोय नसते. तिच्यामुळे मेजाची उंची ठरते, मेजामुळे खिडकीची, आणि खिडकीमुळे भिंतीची. ज्या माणसाने खुर्ची नाकारली त्याने नकळत एक संपूर्ण खोली नाकारली, आणि तिच्या जागी दुसरी खोली कल्पावी लागणार होती.

ती दुसरी खोली सेवाग्रामला पाहावयास मिळते. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर शेगावला राहावयास आले. १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आज 'बापू कुटी' म्हणून ओळखली जाणारी झोपडी मुळात मीराबेन यांची. माती, बांबू, कौले असे जवळपास मिळणारे साहित्य आणि गावातीलच कारागीर, ही तिची अट होती. भिंतीवर मीराबेन यांनी मातीतच उठावाची चित्रे केली. त्यांत ताडामाडांसारखी झाडे आहेत, चरखा आहे. आत बसायची गादी, लिहायचे बुटके मेज, हाताच्या अंतरावर फळ्या. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची जी उंची, ती या खोलीतील सगळ्या वस्तूंची उंची आहे. उभ्याने आत शिरणाऱ्याला ती ठेंगणी वाटते. बसल्यावर तिचे प्रमाण जुळून येते. इव्हान इलिच १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला आले होते. या कुटीत बसून त्यांनी जो विचार केला तो त्यांच्या तेथील भाषणात आहे. घर आणि घरासारखी दिसणारी वस्तूंची कोठी यांत फरक असतो, आणि आपण जमवलेल्या सोयी पुष्कळदा आपल्यालाच अधू करतात, असा त्याचा आशय. आम्ही त्यात एवढीच भर घालू की या खोलीतील भिंतीवरचे चित्र आणि भिंत ही एकाच मातीची आहेत. चित्र भिंतीवर टांगलेले नाही, म्हणून ते काढून नेता येत नाही आणि विकताही येत नाही.

कागदाची कथा याच्या उलट दिशेने गेली. १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले आणि कुमारप्पा तेथे संघाचे काम पाहू लागले. घाणी, मधमाश्या, वनस्पती तेलावर जळणारा 'मगनदीप' अशा अनेक प्रयोगांबरोबर हातकागदाचाही प्रयोग येथे झाला. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले गेले, तेव्हा कागद हा त्या प्रदर्शनाचा स्वाभाविक भाग होता. प्रा. के. बी. जोशी यांनी या विषयावर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक संघानेच प्रसिद्ध केले, आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली तीही त्यांच्याच पुढाकाराने.

महाराष्ट्राला हातकागद नवा नव्हता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच तो व्यवसाय सांगते. जुन्नरचा आणि दौलताबादचा कागद जुन्या दप्तरांत आजही शाबूत आहे. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे हा धंदा मागे पडला होता. मगनवाडीने तो पुन्हा हाती घेतला तेव्हा अट अशी होती : कच्चा माल टाकाऊ असावा आणि मजुरी खेड्यात राहावी. जाम, समुद्रपूर, हिंगणघाट हा सारा कापसाचा मुलूख. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात परदेशच्या बाजारातही त्याच नावाने ओळखला जाई. कापूस जिथे पिकतो तिथून तो गाठी होऊन जातो, कापड होऊन परततो, आणि शेवटी चिंधी होतो. त्या चिंधीचा पुन्हा लगदा करायचा, तो पाण्यात सारखा पसरवायचा, साच्यावर उचलायचा, दाबायचा, वाळवायचा, खळ देऊन घोटायचा. शेतातून गेलेल्या कापसाचा अखेरचा आणा तरी गावाला परत मिळावा, असा हा हिशेब होता.

संघाने आपली पुस्तके अशा कागदावर छापण्याचा आग्रह धरला. कुमारप्पांचे म्हणणे असे की वस्तू विकत घेणारा माणूस ती ज्या परिस्थितीत निर्माण झाली त्या परिस्थितीचाही वाटेकरी होतो. चोरीचा माल स्वस्तात घेणारा जसा चोरीतून सुटत नाही, तसेच हे. पुस्तक ज्या अर्थव्यवस्थेची बाजू मांडते तिच्याच विरुद्ध अर्थव्यवस्थेतून आलेल्या कागदावर ते छापले, तर मजकूर आणि कागद यांचे आपसात भांडण लागते. साहित्याच्या अभ्यासकांनी येथे क्षणभर थांबावे. आपण आशय आणि रूप यांच्या नात्यावर पुष्कळ बोलतो, पण ते रूप वाक्यापाशी, फार तर छंदापाशी संपते. कुमारप्पांनी ते कागदाच्या लगद्यापर्यंत नेले.

छपाईच्या दृष्टीने हा कागद सोपा नव्हता. हाताने उचललेल्या दोन तावांची जाडी तंतोतंत सारखी येत नाही. खिळ्यांचा दाब एका पानावर ठळक उमटतो, दुसऱ्यावर फिका. गिरणीच्या कागदाला सरावलेल्या डोळ्याला हा दोष वाटतो. त्या काळी तो सोसला गेला, कारण दोषामागचे कारण ठाऊक होते. आज त्याच दोषाला बाजारात वेगळी किंमत आली आहे. लग्नपत्रिका, भेटवस्तूंच्या पिशव्या, महागड्या वह्या यांच्यासाठी हातकागद मुद्दाम मागवला जातो, तो त्याच्या खडबडीत कडांसाठी. एवढेच नव्हे, गिरणीच्या कागदाला यंत्राने तशा कडा काढून देणारेही आहेत. आकार टिकला आणि अट गळाली, याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. याचा दोष ग्राहकाच्या आवडीला देऊन भागणार नाही. शाळा, कचेऱ्या, प्रकाशक यांनी रोजच्या वापरासाठी हा कागद घेतला असता तर तो रोजचा राहिला असता. रोजचा होऊ शकला नाही म्हणून तो सणाचा झाला.

चित्रांच्या बाबतीत वर्ध्याचा धागा शांतिनिकेतनशी जोडलेला आहे. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात, खानदेशातील फैजपूरला भरले. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी नंदलाल बोस यांना बोलावले. बांबू आणि स्थानिक साहित्य यांतून तेथील नगर उभे राहिले, आणि अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी बैलांनी ओढायचा रथ सजला. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी नंदलालबाबूंनी टेंपेरा रंगांत जी फलकचित्रे केली ती आज भारतीय चित्रकलेच्या प्रत्येक इतिहासात असतात. ढोलकी वाजवणारा, चामड्याचे काम करणारा, कातणारी स्त्री, पैलवान. हे फलक आता संग्रहालयाच्या भिंतीवर पाहावे लागतात, म्हणून त्यांची मूळची जागा विसरली जाते. ते येणाऱ्या-जाणाऱ्याने चालता चालता पाहावेत म्हणून केलेले होते. जाड, वेगवान रेषा आणि मोजके सपाट रंग ही शैलीची निवड होती, तशीच ती वाटेवरच्या वाचकाची सोयही होती. आज ज्याला आपण पोस्टर म्हणतो त्याची सगळी लक्षणे त्यांत आहेत.

पुढचा दुवा देवी प्रसाद यांचा. शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकून ते १९४४ साली सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत तेथे राहिले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून 'नई तालीम'ची कल्पना पुढे आली होती. हस्तोद्योगातून शिक्षण, आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च, ही तिची अट. या अटीत चित्राला जागा कोठे, हा खरा पेच होता. मुलाने काढलेले चित्र विकले जात नाही, त्यातून शाळेचा खर्च निघत नाही. देवी प्रसाद स्वतः कुंभारकामही करीत; त्यामुळे उपयोगी वस्तू आणि चित्र यांच्यामधील भिंत त्यांच्यापुरती तरी पातळ होती. मुलांपुढे नमुना ठेवून तो गिरवायला लावू नये, कला हा वेळापत्रकातील एक विषय नसून सगळ्या शिक्षणाचा पाया आहे, अशी भूमिका त्यांनी पुढे 'शिक्षा का वाहन : कला' या पुस्तकात सविस्तर मांडली. वर्ध्याच्या हिशेबी वातावरणात हिशेबात न बसणाऱ्या गोष्टीची बाजू त्यांनी आतूनच लढवली, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. त्यांच्या मृत्यूनंतर, २०११ नंतरच्या काळात, त्यांच्या कामाकडे कलाइतिहासकारांचे लक्ष अधिक गेले. मराठीत मात्र त्यांच्यावर अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही.

शेवटी अक्षर, कारण साहित्याच्या वाचकाला सर्वांत जवळची वस्तू तीच. १९३५ साली इंदूरला भरलेल्या हिंदी साहित्य संमेलनानंतर नागरी लिपीच्या सुधारणेचा प्रश्न हाती घेण्यात आला आणि त्याचे काम काकासाहेब कालेलकरांकडे आले. १९३६ साली वर्ध्याला राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. या मंडळींनी जी सुधारणा छपाईत आणली ती 'अ'ची बाराखडी. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही स्वतंत्र अक्षरे काढून टाकायची आणि 'अ'लाच काना-मात्रा लावायच्या : अि, अी, अु, अू, अे, अै. कालेलकरांच्या पुस्तकांत आणि 'हरिजनसेवक'च्या पानांवर ही अक्षरे दिसतात. विशेष म्हणजे रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले सावरकर याच बाराखडीचा पुरस्कार करीत होते. ज्यांचे इतर कशावरही एकमत होणे कठीण, ते दोन पक्ष एका अक्षरावर एकत्र आले होते.

तर्काच्या बाजूने पाहिले तर सुधारणेत खोड काढायला जागा नाही. आपल्या लिपीत आ, ओ आणि औ यांचे रूप 'अ'ला मात्रा लावूनच झालेले आहे. मग इ आणि उ यांनीच वेगळे का राहावे? यामागची अटही स्वच्छ होती. समितीचे काम हिंदी मातृभाषा नसलेल्या प्रांतांत होते. तेलुगू किंवा तमिळ भाषकाला, नव्याने अक्षर शिकणाऱ्या प्रौढाला जितकी कमी अक्षरे पाठ करावी लागतील तितके बरे. छापखान्यात खिळेही वाचतील.

यातील दुसरा मुद्दा मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. नागरी छपाईत खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते ती जोडाक्षरांमुळे आणि मात्रांच्या जोडण्यांमुळे. स्वतंत्र स्वर त्यात मूठभर. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या घटवण्यासाठी जी खटपट केली तिचा रोख याच मोठ्या ढिगाकडे होता. 'अ'च्या बाराखडीने छापखान्याची बचत थोडी झाली असती, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला मात्र प्रत्येक ओळीत ठेच लागली असती. मराठीतले 'एक', 'इतका', 'उद्या', हिंदीतले 'इस', 'उस', 'गई' हे शब्द किती वेळा येतात ते पाहावे. सराईत वाचक अक्षरे जुळवून वाचत नाही, शब्दाची आकृती ओळखून वाचतो. त्याच्या दृष्टीने सुधारणा म्हणजे ओळखीच्या चेहऱ्यांची तोडमोड. १९४७ साली संयुक्त प्रांताच्या सरकारने नेमलेल्या आचार्य नरेंद्र देव समितीने ही बाराखडी अमान्य केली. १९५३ साली लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे घेण्याचे ठरवले, तोही निर्णय १९५७ साली मागे घ्यावा लागला. विनोबांनी आपली 'लोकनागरी' घडवली; तीही सर्वसामान्य छपाईत रुजली नाही.

वर्ध्याने इतर वस्तूंत करणाऱ्याचा आणि नव्याने वापरणाऱ्याचा विचार बारकाईने केला होता. अक्षराच्या बाबतीत जुना वापरणारा त्यांच्या यादीतून सुटला. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लिपीविषयी निर्णय घेणारे सगळे आधीच साक्षर होते. ज्यांच्यासाठी सुधारणा होती त्यांना मत विचारण्याची सोयच नव्हती, कारण मत लिहून कळवायचे तर आधी जुनी अक्षरे शिकायला हवीत. जुन्या वाचकाची सवय आणि नव्या वाचकाचे ओझे यांत न्याय कसा करायचा, हा प्रश्न त्या समित्यांनी सोडवला नाही. आजही संगणकावरील कळफलक आणि पाठ्यपुस्तकांतील टंक यांच्या रूपाने तो आपल्यापुढे आहे.

'अ'च्या बाराखडीचा तर्क मराठीत एका ठिकाणी मात्र टिकून आहे. 'ॲसिड', 'ॲप' असे शब्द लिहिताना आपण 'अ'वर अर्धचंद्र देतो. हिंदीत त्यासाठी 'ए'वर चंद्र देण्याची पद्धत आहे. २००८ साली 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली, आणि नोव्हेंबर २००९ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने ते मराठी वर्णमालेत अधिकृतपणे आले. त्याला कोणाची ठेच लागली नाही, कारण त्या जागी आधीचे ओळखीचे रूप पुसावे लागले नव्हते. सुधारणा कोठे रुजते, याचा हा छोटा पण पक्का पुरावा आहे.

कुटी, कागद, चित्र आणि अक्षर यांच्या चार वेगवेगळ्या गती आपण पाहिल्या. कुटी जपली गेली, पण तिच्यासारखी दुसरी घरे फारशी झाली नाहीत. कागद महाग झाला. चित्रे संग्रहालयात गेली. अक्षर नाकारले गेले. हा सगळा अपयशाचा जमाखर्च आहे असे कोणी म्हणेल, आणि आम्ही ते सपशेल खोडून काढणार नाही. मात्र या वस्तूंनी वाचकाला जो प्रश्न विचारायला शिकवले तो अपयशी ठरलेला नाही. आज बाजारात 'खादीचा पोत', 'मातीचा रंग', 'हस्तनिर्मित' असे शब्द सर्रास दिसतात. पुस्तकांची मुखपृष्ठेही त्यांना अपवाद नाहीत. अशा वेळी हे रूप कोणत्या अटीतून आले, आणि ती अट येथे पाळली गेली आहे काय, असे विचारणे एवढे तरी समीक्षकाच्या हाती आहे.

साहित्याच्या शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. पुढच्या वेळी वर्गात एखादे पुस्तक नेमाल तेव्हा त्याच्या पहिल्या वाक्याआधी दहा मिनिटे त्याच्या कागदाला, टंकाला आणि मुखपृष्ठाला द्यावीत. चित्रकाराचे नाव कोठे छापले आहे, की छापलेलेच नाही, ते पाहावे. टंक कोणी घडवला, ते विचारावे. छपाई कोठे झाली, ते आतल्या पानावर शोधावे. वर्ध्याच्या माणसांना पुस्तक म्हणजे हे सगळे मिळून वाटत होते, आणि मजकूर हा त्यातील एक भाग होता.